कोपऱ्यातली चष्मेवाली

टीव्हीतल्या त्या चष्मेवालीची वागणूक मनुबाईला मुळीच पटत नव्हती. नात दक्षता शाळेच्या सिरीयली बघायची. प्रत्येकीत एक नखरेल श्रीमंतीण, एक फुटबॉलवाला हिरो आणि कँटीनच्या कोपऱ्यात एकटी जेवणारी चष्मेवाली. बाकीचे एकमेकांशी बोलत, ही मेली टक लावून मनुबाईकडे बघे.

“आजी, अशी एक असतेच सगळ्यांत.”

“अशी नाय गं, हीच असते.”

मनुबाईला खरा घोर होता तो नातीचा. डोंबिवलीच्या नव्या शाळेत दक्षता एकटीच बसे. डब्यातल्या सुक्या जवळ्याच्या वासाने पोरी नाक दाबून उठत, नि डबा भरलेलाच परत येई.

सोमवारी तो चाटूनपुसून रिकामा आला.

“नवीन मुलगी जेवली माझ्यासोबत. चष्मा आहे तिला. बोलत नाय, पण जवळा आवडला,” सांगताना दक्षता कितीतरी दिवसांनी हसली.

मंगळवारी शाळेच्या मधल्या सुट्टीच्या वेळेला मनुबाईने टीव्ही लावला. सिरीयलीतल्या कँटीनच्या कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. सुट्टी संपली तशी चष्मेवाली धापा टाकत येऊन बसली, आणि मनुबाईकडे बघत तिने तिखटाने लाल झालेली बोटं चाटली.

मनुबाईने हात जोडले.

“बघायची रीत नाय तुला, पोरी, पण पंगतीला बसायची आहे. आमच्या घरचं मीठ खाल्लंस, आता तू आमचीच.”