आतली कडी

नाटकाच्या तिकिटांची वेबसाइट सकाळपासून अडून बसली होती. संध्याकाळच्या प्रयोगाचं एकही तिकीट निघेना आणि साहेब डोक्यावर उभे.

शिल्लक खुर्च्यांचा आकडा सर्व्हरमधल्या सगळ्या हँडलरांत, म्हणजे एकेका गिऱ्हाइकाची मागणी हाताळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांत, सामाईक होता. दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून प्रोग्रॅमरबाईंनी त्याला लॉक घातलं होतं. आत जायचं, कडी लावायची, आकडा बदलायचा, बाहेर यायचं. "आपल्या बाथरूमसारखंच की," असं त्यांनी सासूबाईंना समजावलं होतं.

आज सगळे हँडलर दाराबाहेर ताटकळत होते.

"कडी न काढताच कुणीतरी गेलं असेल," साहेब म्हणाले.

बाईंनी कोड पिंजून काढला. सगळे शहाण्यासारखे बाहेर येत होते. त्यांनी सर्व्हर बंद केला, नेटची वायर उपटली, पुन्हा सुरू केला. आता कुणी आत शिरायचा प्रश्नच नव्हता. तरी कडी लागलेलीच.

"मग आत बसलंय कोण?"

"कुणी नाही हो!" बाई वैतागल्या आणि त्यांनी कोडमधून लॉकच उडवून टाकलं.

स्क्रीनवर त्यांनी कधीही न लिहिलेली ओळ उमटली. "अहो, मी आहे ना आत! दार ओढून घ्या आधी."

दोघांनीही ओशाळून चटकन पाठ फिरवली.

मागून कडी सरकवल्याचा आवाज आला.