तळ्याला आलेले पाहुणे

“कोन लावतो फटाका?” बुधाजी तळ्याच्या बांधावरून ओरडला.

शेजारचा विनेश अंगणात तुळशीपुढे माचिस घेऊन उभा होता. “काका, तुळशीचं लगीन हाय. एक तरी वाजवू की न्हाय?”

“ढोल वाजव, ताट वाजव, न्हायतर बोंब मार. फटाका न्हाय! पाखरं उडाली तर तुझंच घर बुडंल.”

ही काही उगाच धमकी नव्हती. गावाच्या तिन्ही बाजूंना भराव झाला होता. मिठागरं गेली, त्यांच्यावर कंटेनर रचले गेले. पावसाळ्यात खाडीला भरती असली की डोंगराकडून येणारं पाणी पोटात घ्यायला हे एकच तळं उरलं होतं. ते गेलं की पाणी सरळ चुलीपर्यंत येणार. आणि तळंही मातीनं भरायचं ठरलंय, अशी कुणकुण शिमग्यापासून होती. गावानं मोर्चा काढला, अर्ज दिले. विचारतो कोण?

मग बुधाजीची सून रुचिता म्हणाली, “बाबा, माणसांचं कुणी ऐकत नाही ना? पाखरांचं ऐकतील.”

रुचिताला कॉलेजपासून पाखरं बघायचा नाद. लग्न होऊन आली तेव्हा दुर्बीण घेऊनच आली. आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या, “बुधाजीनं सून आणली ती बगळे मोजणारी!” आता त्याच बायका तिच्याकडून पाखरांची नावं पाठ करून घेत होत्या. जिथं पाखरं जास्त उतरतात तिथं भराव टाकू देत नाहीत, असं तिनं सांगितलं, आणि गावानं ते देवाच्या कौलासारखं मानलं.

तळ्याची उघाडी, म्हणजे खाडीकडचा पाण्याचा दरवाजा, बुधाजीच्या ताब्यात. दरवर्षी तो ती बंद ठेवून तळं तुडुंब राखायचा, मासे पोसावेत म्हणून. यंदा रुचिता म्हणाली, लांब पायांच्या पाखरांना गुडघाभर पाणी पुरे. बुधाजीनं ओहोटीला उघाडी खोलली. पाण्याबरोबर जिताडे गेले, बोयटी गेली, वर्षाचं कालवण डोळ्यांदेखत खाडीत गेलं.

त्याच्या बायकोनं, सोनूबाईनं कपाळाला हात लावला. “पाखरांना मेजवानी आन् आमाला सुका बोंबील!”

पण दुसऱ्या दिवशी तीच शेतावर जाऊन बायांना दम देऊन आली. कापलेल्या भातावर पाखरं बसली तरी कुणी डबा बडवायचा नाही. “खातात तर खाऊ दे. पोट भरलं तर राहतील.”

आणि पाखरं आली. अहो, काय ती आली! आधी लाल पायांचे शेकाटे, मग बदकं, मग फ्लेमिंगो. कार्तिक सरता सरता पिवळ्या चोचीचे, पुरुषभर पंखांचे चित्रबलाक उतरले. म्हातारी माणसंसुद्धा म्हणाली, जन्मात इतकी पाखरं बघितली नाहीत.

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत निरोप आला. तळ्यावरच्या पक्ष्यांची पाहणी करायला साहेब येणार.

“अर्ज पोचला,” बुधाजी म्हणाला आणि डोळे पुसू लागला. मेल्या अर्जांना शेवटी पाय फुटले.

साहेब आले ते अगदी साधे. गळ्यात दुर्बीण, पायांत चिखलाचे बूट. खुर्ची नको म्हणाले, बांधावरच बसले. सोनूबाईनं चहा दिला, तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं.

“ही मेली एक कटकट,” ती म्हणाली. “इमानं सुरू जाल्यापासून कोंबड्या अंडी घालीनात.”

साहेब हसले. “आवाज होतो खरा.”

रुचिताला माणूस फार आवडला. तिला न ओळखता येणारी बदकंही त्यांनी नुसत्या डोळ्यांनी ओळखली.

“चित्रबलाक नेहमी येतात?” त्यांनी विचारलं.

“नाही सर, यंदाच. आम्ही पाणी कमी केलं, शेतावर हाकललं नाही, म्हणून आले.”

“म्हणजे पुढच्या वर्षीही येतील.”

“जास्तच येतील!”

“संध्याकाळी कुठे जातात?”

“डोंगराकडे. सगळे एकदम उठतात. घिरट्या घालत खूप वर जातात, ठिपक्याएवढे दिसेपर्यंत.”

साहेब मन लावून ऐकत होते. बुधाजीला राहवेना. “साहेब, निम्मी पाखरं त्या पाणकणसाच्या उंच गवतात बसलीत. समदी एकदम बघायची?” आणि त्यांनी मान हलवायच्या आत त्यानं बायांना हाक दिली. “बडवा गो डबे!”

महिनाभर आवरून धरलेले हात होते ते. असे डबे वाजले की तळंच्या तळं वर उठलं. पांढरं, गुलाबी, काळं, नुसता फडफडाट. ऊन झाकलं गेलं. साहेब मोबाईल वर धरून गोल फिरत राहिले, “बाप रे, बाप रे,” म्हणत.

“आता कोन भरतो तलाव, बघू!” बुधाजी ओरडला. विनेशनं त्याला मिठी मारली. सोनूबाई तर रडतच होती.

साहेब गाडीपाशी आले तेव्हा रुचितानं धीर करून विचारलं, “सर, वाचेल ना आमचं तळं?”

साहेब दार धरून थांबले. त्यांना प्रश्नच कळला नसावा.

“तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?” ते म्हणाले. “मी विमानतळाकडून आलोय. इतके मोठे पक्षी, तेही विमानं उतरायच्या वाटेवर... आता हे तळं भरावंच लागेल. गेल्या वर्षी रस्त्यावरूनच बघून गेलो, तेव्हा इथं चार बगळे होते. पक्षी नाहीत, धोका नाही, तळं राहू द्या, असं मीच लिहून दिलं होतं.”