भोकावरचा अंगठा

इंजिन ठसकलं, बंद पडलं आणि लाटा होडीला मागच्या खडकांकडे ढकलू लागल्या. होडीतल्या दोघा भावांपैकी धाकट्याने डिझेल फिल्टरच्या तळाचं बूच काढलं, तर आधी भळाभळा पाणीच आलं. “डिझेल विकताना तुझ्या मेहुण्याने त्यात पाणी घातलंय!” थोरला गरजला. “दादा, काल पावसात टाकीचं झाकण तूच उघडं टाकलंस.” खरं होतं, म्हणूनच झोंबलं. थोरल्याने हातातला पाना धाकट्याच्या खांद्यावर हाणला आणि बूच निसटून होडीच्या तळातल्या काळ्या पाण्यात गेलं. धाकट्याने उघड्या भोकावर अंगठा दाबून धरला. तिथून हवा शिरली, तर इंजिन सुरू होणार नव्हतं. दुसरा तडाखा कपाळावर बसला, रक्त डोळ्यात उतरलं, तरी अंगठा हलला नाही. “मार हवं तेवढं, पण खडक आपलं नातं विचारणार नाही. आधी पंप दाब!” मागे लाट फुटली आणि दोघांना भिजवून गेली. थोरल्याने पाना टाकला, फिल्टरवरचा हातपंप दाबून डिझेल वर चढवलं आणि धावत जाऊन चावी फिरवली. देवाच्या दयेने इंजिन धूर ओकून धडधडलं. खडक दूर राहिल्यावर थोरल्याने सुकाणू सोडलं, एक लाकडी खुंटी तासली आणि अंगठ्याच्या जागी ठोकली. “सोड आता, बाळा,” तो हळूच म्हणाला. धाकट्याने अंगठा चोळला, मूठ वळली आणि सगळ्या बळानिशी थोरल्याच्या जबड्यावर हाणली. थोरला आडवा झाला, तुटका दात थुंकला आणि पडल्यापडल्याच ओरडला, “सुकाणू धर, गाढवा! बाकीचं किनाऱ्यावर दे.”