जावयाच्या गाडीतली हवा

जावई रुसत नव्हता, हीच कुसाबाईची तक्रार होती.

"धोंड्याचा महिना, पहिलंच वाण, आणि ह्याला काही म्हणून काही नको!" ओट्यावर बसून ती शेजारच्या सुमनबाईला सांगत होती. आवाज असा, की आतल्या खोलीत ऐकू जावा. "ताट स्वतः उचलतो. अंगठी दिली तर म्हणे, कशाला त्रास घेतला. आमटीत मीठ नव्हतं, तरी दोन वाट्या प्याला आणि म्हणे, छान झालीय. हा जावई हाय का तलाठ्याकडं दाखल्याला आलेला माणूस?"

"गुणाचा हाय गं."

"गुणाचा नाय, भेदरलेला हाय. नायतर मनात धरून बसलाय. असा माणूस एकदा येतो, परत येत नाय. आणि तो आला नाय, म्हणजे माझी पोर पण येत नाय."

सुमनबाईला सगळं ठाऊक होतं. कुसाबाईच्या पोरीनं, वेदिकानं, दोन वर्षांपूर्वी नाशकात आपल्या मनानं लग्न केलं होतं. जावई दिनेश सुरगाण्याकडचा, डोंगरातला. निफाडच्या द्राक्षबागावाल्यांच्या पंगतीत तो बसणारा नव्हता. कुसाबाई लग्नाला गेली नव्हती. यंदा अधिक महिना लागला आणि तिनं आपण होऊन फोन केला. दोघं आली, जेवली, पाया पडली. आता उन्हं कलायच्या आत निघायचं म्हणत होती.

दिनेश आपल्या जीपमध्ये बसला. त्यानं क्लच दाबला तो खाली गेला आणि खालीच राहिला. गिअर टाकला तर नुसती करकर. त्यानं बोटानं पेडल वर ओढलं, पुन्हा दाबलं. पाच-सहा वेळा हापसल्यावर ते जरा कडक लागलं, गिअर पडला, आणि पुन्हा सगळं मऊ.

बॉनेट उघडून त्यानं तेलाची डबी पाहिली. तेल होतं. खाली वाकून पाहिलं. कुठं गळत नव्हतं.

"मागच्या आठवड्यात क्लचचं काम केलं, तेव्हा लाइनमध्ये हवा राहिली असणार," तो वेदिकाला हळूच म्हणाला. "काढावी लागेल. वर कोणीतरी पेडल दाबायला पाहिजे."

"मी दाबते," वेदिका म्हणाली.

"तू तुझी साडी सांभाळ," कुसाबाई म्हणाली. पदर खोचून ती सरळ ड्रायव्हरच्या सीटवर चढली.

वाणाचा नवा शर्ट घातलेला जावई गाडीखाली सरपटत गेला. ते बघायला अर्धी गल्ली गोळा झाली. दिनेशनं फवारणीच्या पंपाची पांढरी नळी क्लचच्या लाइनवरच्या, हवा सोडायच्या निपलला लावली, दुसरं टोक थोडं तेल घातलेल्या बाटलीत बुडवलं आणि खालून अदबीनं सांगितलं, "आई, मी 'दाबा' म्हटलं की दाबून धरायचं. मी निपल उघडून परत बंद करतो. मग 'सोडा' म्हणेन, तेव्हाच सोडायचं. आधी सोडलं तर हवा उलटी आत जाते. तुम्हाला त्रास होतोय, माफ करा."

"दाबा."

कुसाबाईनं दाबलं. निपल उघडलं. बाटलीत बुडबुडे आले. आणि पेडल धाडकन वर आलं.

"अगं बाई! चप्पल घसरली."

"असू द्या, असू द्या. परत करू."

परत केलं. परत बुडबुडे आले, परत पेडल वर.

"गुडघ्यात चमक निघाली बघा."

"काही हरकत नाही, आई. माझंच चुकलं. मी हळू सांगत होतो."

तिसऱ्यांदा निपल उघडलं मात्र, कुसाबाई खिडकीतून ओरडली, "सुमन, तुझी शेळी सुटली!" आणि पाय काढला. खाली दिनेश दचकला. नळी निसटली. काळं तेल नव्या शर्टावर ओघळलं.

मग गाडीखालून जो आवाज आला, तो त्या घरानं कधी ऐकला नव्हता.

"ओ आई! पाय हाय का काय हाय? धरा म्हटलं तर धरायचं! शेळी गेली खड्ड्यात! तिसऱ्यांदा हवा घेतली लाइननं! मी सोडा म्हणत नाय तोवर हलायचं नाय, सांगून ठेवतो!"

सुमनबाईनं तोंडाला पदर लावला. कुसाबाईचा मुलगा हर्षल घरात खोकायचा तरी आईकडं बघून खोकायचा. वेदिकानं डोळे मिटून घेतले.

"दाबा!" खालून दरडावणी आली.

कुसाबाईनं दाबलं. पेडल जमिनीला खिळल्यासारखं राहिलं.

"सोडा!"

सोडलं. चप्पल घसरली नाही. गुडघा दुखला नाही. शेळी घरी होतीच. दाबा, सोडा, दाबा, सोडा. मध्येच दिनेशनं हर्षलला "तेल ओत, डबी कोरडी पडू देऊ नको" म्हणून झापलं. बुडबुडे बारीक होत गेले, मग नुसतं तेल यायला लागलं. त्यानं निपल आवळलं. पेडल वर येऊन ताठ उभं राहिलं. गिअर टाकला, तो आवाज न करता पडला.

दिनेश बाहेर आला. गल्लीतले चेहरे बघितले आणि आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं. तेलकट हात जोडून तो कुसाबाईपुढं उभा राहिला.

"आई, चुकलं माझं. रागाच्या भरात... परत कधी..."

कुसाबाई सावकाश खाली उतरली. पदर सोडला, नीट केला. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली.

"हात खाली घे. पाय एकदाबी घसरला नव्हता माझा, तिन्ही वेळा मीच सोडला. तुझा आवाज ऐकल्याबिगर तुला जावई म्हणणार नव्हते मी!"