पहिल्या खेळाचा शब्द

शीतनिद्रा केंद्रात बाबांनी डोळे उघडले, तेव्हा कालिंदी थर्मास घेऊन उशाशीच बसली होती. बाबा अजून एक्केचाळीसचेच होते. ती मात्र पन्नाशीला टेकली होती.

"चिमणे, लागला का गं आपला सिनेमा?"

पहिल्या दिवशीचा पहिला खेळ दोघांनी मिळून बघायचा, असा शब्द त्यांनी आठ वर्षांच्या कालिंदीला दिला होता. वाट बघवेना म्हणून ते प्रदर्शनाच्या तारखेपर्यंत झोपले. चार महिन्यांचा तर प्रश्न होता! पण ऐन दिवशी तारीख पुढे गेली, आणि अशी एकूण सहा वेळा गेली. दर वेळी ते जागे व्हायचे, हळहळायचे आणि तासाभरात पुन्हा झोपायचे. पोटात घोटभर काही गेलं, तर मात्र वर्षभर झोपता येत नसे. म्हणून कालिंदीचा थर्मास दर वेळी भरलेलाच घरी जाई.

"सांग ना गं!"

"आधी चहा घे, बाबा."

चहा मिळतोय म्हणजे सिनेमा लागलाच! बाबांनी हरखून तीन घोटांत कप रिकामा केला.

"किती वाजताचा खेळ?"

"सातव्यांदा पुढे गेला, बाबा," असं म्हणून कालिंदीने त्यांचा कप पुन्हा भरला.