होडीचं प्रतिबिंब

चित्र वर्षातून एकदा तरी कुणाच्या स्वप्नात दिसलं, तरच चित्रकाराचं मानधन चालू राहायचं. जनार्दन पेंटरांनी रंगवलेला नाटकाचा पडदा, म्हणजे तळ्यातली एक होडी, यंदा एकाच माणसाच्या स्वप्नात आला होता.

"पण काका, जुळत नाही," मानधन कचेरीच्या खिडकीतली मुलगी स्वप्नाची नोंद वाचत म्हणाली. "स्वप्नात होडीचं प्रतिबिंब दिसतंय. तुमच्या पडद्यावर नाहीच ते. मानधन बंद होईल."

शेजारी उभ्या त्यांच्या पत्नी कुमुदताई ओशाळल्या. "स्वप्न माझंच गं. तीस वर्षं सांगतेय यांना, प्रतिबिंब राहिलंय म्हणून. ऐकतील तर शपथ!"

घरी येताच जनार्दनांनी पडदा उलगडला आणि ब्रश निळ्या रंगात बुडवला.

"डोळे मीट, कुमुद. प्रतिबिंब स्थिर होतं की हलत होतं?"

"हलत होतं," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "तुम्ही वल्हवत होतात ना."