वरचं दूध

असमाभाबीची कमीज छातीपाशी पुन्हा ओली झाली आणि नाझियाचा जळफळाट झाला. अल्ला द्यायला बसला की एकीलाच किती देतो! भाबीची माहीन पोटभर पिऊन निजली, तरी हिचं दूध आपलं वाहतंच आहे. आणि इथे नाझियाच्या मांडीवर दीड महिन्याचा हमजा पाय पोटाशी घेऊन किंचाळत होता.

दोघी जावा, कुवेतमध्ये सालमियातल्या एकाच फ्लॅटमध्ये राहत. बाळंतपणात नाझिया तापाने फणफणली आणि तिचं दूध आटलं. डब्याचं दूध हमजाच्या पोटाला काही मानवेना. कालच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "जन्मल्याबरोबर याला अँटिबायोटिक द्यावं लागलं, त्यात पोटातले चांगले जंतूही गेलेत. आईचं दूध मिळालं तर ते लवकर वाढतील." कुठल्या आईचं, ते काही त्या बोलल्या नाहीत.

"दे इकडे त्याला," असमा म्हणाली. "मी काय परकी आहे?"

"दूधभावंडं होतील ती."

गावी सासूने माहीन-हमजाची जोडी पाळण्यातच जमवली होती, आणि एका आईचं दूध प्यालेल्यांचा निकाह होत नाही. नाझियाला त्या निकाहाची काडीची फिकीर नव्हती. पण नाही म्हणायला कारण तर हवं!

"लग्न मोडलं तर मोडलं. आधी पोराला बरं वाटू दे गो."

"अशरफना विचारायला हवं."

तिचा नवरा अशरफ शुऐबाच्या कारखान्यात ड्यूटीवर होता.

"मघाशीच फोन केला मी त्याला. हो म्हणाला."

म्हणजे नवऱ्याला विचारायचंही हिनेच! नाझिया काही बोलणार, तोच हमजा पुन्हा कळवळला. तिने त्याला भाबीकडे देऊन टाकलं.

तो दुधाला असा काही लागला, की घोटांचा आवाज खोलीभर ऐकू यायला लागला.

"बघ कसा हावरट आहे!" असमा हसली.

नाझियाला ते हसू झोंबलं. लेकराचं भलं होतंय हे तिला कळत होतं. त्याचे पाय सैल पडले, वळलेली मूठ उघडली. पण ती मूठ भाबीच्या छातीवर उघडली होती, आणि तेच तिला बघवेना.

त्याने तोंड सोडताच तिने त्याला जवळजवळ ओढूनच घेतलं आणि भाबीसमोरच आपल्या कोरड्या छातीला लावलं.

"अगो, तिथे काय मिळणार त्याला?"

काहीच मिळणार नव्हतं. पोट तर त्याचं तुडुंब भरलं होतं. तरी हमजाने तोंड लावलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि डोळे मिटून चोखत राहिला.

असमा ओढणी सावरता सावरता त्याच्याकडे बघत थांबली.

"माझी माहीन," ती म्हणाली, "पोट भरलं की तोंड फिरवते."